सरडा म्हणतो, बोट फिरवा

छातीत धडधडतंय, हातपाय गार पडलेत, आता आपण जातो असं वाटतंय, आणि डॉक्टर कागदाची पट्टी बघून सांगतायत की तुम्हाला काही झालेलं नाही. असं ज्याचं झालं असेल त्याच्यासाठी मी हे लिहायला बसलोय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. फक्त हसायचं असेल तर माझ्याबरोबर हसा, पाठीमागे नको. पाठीमागे हसणारे आमच्या रेवदंड्यात भरपूर आहेत.

माझं नाव धर्मा. मी मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहे. बोट कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं आणि परत कधी फिरायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे तांडेल. बोटीवर त्याच्या शब्दापुढे कुणी बोलत नाही. घरी काय चालतं ते पुढे कळेलच.

पोटाचा मान

आमच्या बंदरात माझ्या पोटाला मान होता. काही वर्षांपूर्वी भर उन्हात, आभाळ स्वच्छ असताना माझ्या पोटात एकदम गोळा आला आणि मी म्हटलं, "फिरवा." खलाशी कुरकुरले, पण फिरले. आम्ही खाडीच्या तोंडाशी येतोय न येतोय तोच असा वारा सुटला की बाहेर राहिलेल्या बोटींना जाळी कापून टाकून पळावं लागलं. त्या दिवसापासून सगळ्या बोटींचा एक डोळा आभाळावर आणि दुसरा माझ्यावर असायचा. धर्मा फिरला म्हणजे फिरायचं, पुढे काही बघायचं नाही.

मला ते कसं कळलं होतं, हे मलाच माहीत नव्हतं. कुणी विचारलं की मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, "दर्या सांगतो." खोटं कशाला बोलू, असं म्हणताना मला फार बरं वाटायचं. माझी बायको हिरा जवळ असली तर ती तोंडाला पदर लावायची.

पहिल्यांदा

पावसाळी बंदी उठून मासेमारी नुकतीच सुरू झाली होती. कोर्लईचा किल्ला मागे टाकून आम्ही बाहेर निघालो होतो. दर्या इतका गुळगुळीत की त्यात बघून भांग पाडून घ्यावा. मी चहाचा पेला तोंडाला लावला आणि अचानक छाती धडधडायला लागली. हातातला पेला हलायला लागला. घसा सुकला, कानात शिट्टी वाजायला लागली, आणि मनात एकच गोष्ट: पळ.

मला वाटलं, मोठं वादळ येतंय. दुसरं काय वाटणार? मागे अंगात असं काही झालं तेव्हा वादळच आलं होतं, आणि या वेळचं अंगातलं तर त्या वेळच्या दसपट होतं. मी ओरडलो, "फिरवा!"

सुकाणूवर रमाकांत होता. हा हिराचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा, माझ्या शब्दाबाहेर कधी न जाणारा. त्यानं एक शब्द न विचारता बोट फिरवली. आम्हाला बघून मागच्या बोटी फिरल्या. त्यांना बघून त्यांच्या मागच्या फिरल्या. खाडीत शिरलो तसा माझा श्वास मोकळा झाला.

जेटीवर हिरा आणि बाकीच्या बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. लखलखीत ऊन, एक ढग नाही, आणि सगळ्या बोटी रिकाम्या परत.

"काय झाला रं?" हिरानं विचारलं.

"मोठं वादळ हाय," मी म्हटलं.

सगळा कोळीवाडा आभाळाकडे बघत उभा राहिला. मान दुखेपर्यंत बघितलं. संध्याकाळी वाळत घातलेली एक साडी वाऱ्यानं दोरीवरून उडाली, तेव्हा लोक म्हणाले, बघा, आत एवढा वारा तर बाहेर काय असेल. माझा मान उलट वाढला. आता हसू येतं, पण त्या दिवशी मी ताठ मानेनं घरी गेलो.

रोजचं वादळ

मग ते परत आलं. आणि परत आलं. आधी कोर्लईच्या पुढे यायचं, मग दीपगृह दिसलं की यायला लागलं, मग खाडीचं तोंड ओलांडतानाच. दर वेळी मी बोट फिरवायचो आणि दर वेळी परत फिरल्यावर जिवाला बरं वाटायचं. त्यामुळे मला पक्की खात्री की आपण बरोबर वागतोय.

बाकीच्यांची खात्री मात्र उडत चालली. आमच्या बंदरात जोमा म्हणून दुसरा जुना तांडेल आहे. आवाज मोठा, मिशा मोठ्या, आणि माझ्याशी लहानपणापासून चढाओढ. तो भर जेटीवर म्हणाला, "धर्मा, तुझं आभाळ रोज फाटतंय. शिंपी बघ कोन तरी." लोक हसले. तरी मी फिरलो की तोही फिरायचा, हे त्याला मी तिथल्या तिथे ऐकवलं. तो विडी पेटवायला निघून गेला.

धडधडीला वादळ समजायची ही चूक शेतकरी करणार नाही, मास्तर करणार नाही. ती आमच्यासारख्यांनाच जमते. दुसऱ्या कुणाला असं धडधडलं असतं तर तो दवाखान्यात गेला असता. मला धडधडलं आणि सगळं बंदर घरी बसलं.

अर्धी दाढी

एक दिवस मी केशकर्तनालयात खुर्चीवर बसलो होतो. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल साफ. वर पंखा, समोर आरसा. आणि ते आलं. तस्संच. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि आरशात बघितलं, तर समोर पांढराफटक पडलेला एक माणूस. इथं ना दर्या, ना वारा. वादळ यायचं तर कुठून येणार? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे आभाळाचं नाही, माझंच काहीतरी आहे. मला वाटलं, हृदय बंद पडतंय.

रमाकांतनं रिक्षा आणली आणि तशाच अर्ध्या दाढीनिशी मला अलिबागला नेलं. हिरा वाटभर माझा हात चोळत होती आणि रिक्षावाल्याला शिव्या देत होती. दवाखान्यात छातीला चिकटपट्ट्या लावल्या, रक्त काढलं, हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली. मला ठेवून घेतलं. तिथली सकाळ फार लवकर सुरू होते. अजून डोळा लागतोय तोवर कुणीतरी येऊन बीपी बघतं आणि झोप लागली का म्हणून विचारतं. चहा बरा होता. डाळीला चव नव्हती.

दुपारी भेटायची वेळ झाली तसा कोळीवाडा आला. एकीनं कोलंबीचं कालवण आणलं, दुसरीनं सुक्या बोंबलाची चटणी. सगळ्या वॉर्डात वास. शेजारच्या खाटेवर पथ्यावरचे एक आजोबा होते, ते डोळे मिटून नुसता वास घेत पडले होते. सिस्टर आल्या, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि कालवण ताब्यात घेतलं. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. डबा मात्र घासून परत आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. हे पॅनिक अटॅक आहेत. मी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो."

मी हिराकडे बघितलं. "मी काय येडा हाय?"

"दात दुखला तवा दातवाल्याकडं गेलास," ती म्हणाली. "तवा लाज वाटली व्हती का? मंग आता डोकं घेऊन डोक्यावाल्याकडं चल. आनि आधी ती दाढी पुरी कर."

डॉक्टर शबाना

या डॉक्टर श्रीवर्धनकडच्या, बोर्ली पंचतनच्या. वयानं माझ्या मुलीसारख्या. त्यांचे आजोबा गलबतावर माल घेऊन परदेशापर्यंत जायचे. त्यामुळे तांडेल म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. निम्मी भीती तिथंच गेली.

मी सगळं सांगितलं. पोटाचं, वादळाचं, साडीचं. त्या साडीला हसल्या, आणि मग म्हणाल्या, "तांडेल, मी एक गोष्ट सांगते. ही समजावण्यापुरतीच आहे. मेंदू काही असा मजल्यावर मजला बांधलेला नसतो, असं आता शास्त्रज्ञ सांगतात. पण गोष्ट कामाची आहे. तुमच्या डोक्यात एकदम खाली एक जुनाट सरडा बसलाय. माझ्याही आहे. माणूस व्हायच्या आधीपासूनचा. त्याला बोलता येत नाही, वाचता येत नाही, आज वार कोणता ते कळत नाही. त्याला फक्त जगायचं कळतं. सावली हलली की पळ, नाहीतर लढ, नाहीतर गप्प पडून राहा. तुमचं काळीज तोच पळवतो, कारण पळायला रक्त लागतं."

"मंग वादळ त्यालाच कळलं व्हतं?"

"कदाचित. वारा बदलला असेल, पाण्याचा रंग बदलला असेल. तुमच्या लक्षात यायच्या आधी त्यानं ते टिपलं. चांगला राखणदार आहे तो. फक्त आता बिघडलाय. सावली नसताना ओरडतो."

"पन मी तर त्याचं ऐकतो. फिरतो. तरी तो गप का बसत न्हाय?"

"म्हणूनच बसत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही फिरलात आणि जगलात, एवढंच त्याला दिसतं. आभाळ स्वच्छ होतं हे त्याला कोण सांगणार? त्याला वाटतं, मी ओरडलो म्हणून वाचलो. दर वेळी बोट फिरवून तुम्ही त्याला शाबासकी देताय. आणि तुम्ही एकटे देत नाही. अख्खं बंदर देतंय."

शेजारी बसलेली हिरा हसत सुटली. मला हसू आलं नाही. माझ्या मनात एकच होतं, आणि ते मी विचारलं. "बाई, मी त्याला गप बसवायला शिकलो आनि खरंच वादळ आलं तर? बोटीवर माझ्याबरोबर सात माणसं असतात. त्यांची पोरंबाळं हायत."

हीच माझी खरी भीती होती, मरणाच्या भीतीहून मोठी. आतला आवाज खरा का खोटा हे ज्याला कळत नाही, त्यानं तांडेल राहावं तरी कसं?

त्या म्हणाल्या, "सरडा राहू दे. वादळ यायचं असेल तर तुम्ही स्वतः काय बघता?"

मी सांगायला लागलो. वारा कुठून वळतोय, पश्चिमेला ढग कसे आहेत, लाट लांब येते का आखूड, पाखरं कुठं चाललीत, मोबाइलवर हवामानाचा काय इशारा आहे, बाकीच्या बोटी वायरलेसवर काय बोलतायत.

"आणि धडधडायला लागल्यावर यातलं काय काय बघता?"

धडधडायला लागल्यावर मी यातलं काहीच बघत नव्हतो. नुसता फिरत होतो.

"मग एवढंच करायचं," त्या म्हणाल्या. "सरडा ओरडला की त्याला हाकलायचं नाही आणि त्याचं ऐकायचंही नाही. ऐकू आलं म्हणायचं, आणि आपण बघायचं. बघून झाल्यावर जे ठरेल ते तांडेलानं ठरवलेलं असेल."

गोळ्या दिल्या. पहिले काही दिवस झोप झोप झाली, मग अंगवळणी पडल्या. मनानं बंद करायच्या नाहीत असं त्यांनी बजावलं, आणि ते मी तुम्हालाही सांगतो. माझ्या आईनं मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. तीही मी काढून घेतली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, काढा की, फक्त मिरची गोळीच्या जागी नको.

घरात बसलेला माणूस

बरं वाटेपर्यंत बोट रमाकांत नेऊ लागला. मी घरी. सगळ्यात वाईट दिवस हेच. दवाखान्यात निदान पेशंट तरी होतो. घरी मी नुसती अडगळ होतो. बोटी निघायच्या वेळी मी मुद्दाम मागच्या दारी जाऊन बसायचो. येणारेजाणारे विचारायचे, "काय, बरा हायस ना?" आणि उत्तर ऐकायच्या आधी पुढे जायचे. त्यांनाही काय बोलावं कळत नसेल.

हिरा बाजार करायची, घर बघायची, आईचं बघायची आणि वर माझं तोंड बघायची. एकदा मी म्हटलं, आता रमाकांतलाच तांडेल करू, मला काही जमणार नाही. तिनं हातातला कोयता खाली ठेवला. सुरमई अर्धी कापलेली होती.

"मना एक सांग," ती म्हणाली. "तू दर्यावर असतोस तवा मना भीती वाटते. रोज वाटते. लगीन झाल्यापास्नं वाटते. तरी मी टोपली घेऊन जेटीवर जाते का न्हाय? का घरात दार लावून बसते?"

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. मी रडलो. तीही रडली. मग सुरमई पुरी कापली आणि मला म्हणाली, तुझ्या सरड्याला डोकं देऊ का शेपटी. त्या दिवसापासून घरात सरड्याचं नाव उघड निघायला लागलं. सकाळी ती विचारायची, "उठला का रं तो?" मी म्हणायचो, "उठलाय, चहा मागतोय." असं बोलल्यानं तो थोडा लहान व्हायचा, हे खरं आहे.

न फिरणारा रमाकांत

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू जा, पण भीती उतरायच्या आत परत फिरू नका. म्हणून आधी छोटी होडी घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत जायचं ठरलं. डॉक्टरांनी रमाकांतला फोनवर समजावलं, "ते फिरवा म्हणाले तरी फिरवायचं नाही. आभाळ खराब असलं तरच फिरवा."

"तांडेलाचं ऐकायचं न्हाय?" रमाकांत घाबरला. "मंग मना बोटीवर ठेवतील कशाला?"

पहिल्या दिवशी मी नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि त्याचा हात आपोआप वळला. सवय. हिरानं त्याला घरी झाडलं. पुढच्या खेपेला मी फिरव म्हटलं तर तो दुसरीकडे तोंड करून बसला. मी त्याला विनवलं. मग शिव्या दिल्या, त्याच्या खानदानाच्या, म्हणजे हिराच्या माहेरच्या. तो म्हणाला, "भावजी, हे ताईला सांगू का?" आणि होडी तिथंच ठेवली.

धडधड वाढली, वाढली, इतकी वाढली की आता फुटतोच असं वाटलं. मी वारा बघितला. पाणी बघितलं. पाखरं बघितली. लांब श्वास सोडत राहिलो. आणि मग, मी काहीही न करता, ती उतरायला लागली. आपोआप. मला इतकं नवल वाटलं. आजवर दर वेळी मी ती उतरायच्या आधीच पळालो होतो, त्यामुळे ती आपली आपण उतरते हे मला कळलंच नव्हतं. मग आम्ही डब्यातल्या भाकरी खाल्ल्या. रमाकांतला मी माझा बोंबील दिला.

माझा का आभाळाचा

असं करत करत एक दिवस मी पुन्हा मोठ्या बोटीवर तांडेल म्हणून चढलो. हिरा जेटीवर उभी होती. तिनं हात वर केला.

सगळ्या बोटी आमच्या मागेपुढे होत्या. कोर्लईच्या पुढे गेलो आणि ते आलं. येणारच होतं. मी इंजिन कमी करायला सांगितलं आणि आभाळ बघायला लागलो. खलाशी माझ्याकडे बघत होते. रमाकांतनं सुकाणूवरून हळूच विचारलं, "भावजी, ह्यो इशारा तुमचा का आभाळाचा?"

मी वारा बघितला. लाट बघितली. पश्चिम बघितली. मोबाइल बघितला. "माझा," मी म्हटलं. "आभाळ साफ हाय."

"मंग चलायचं?"

चलायचंच होतं, पण मागे बघितलं तर घोळ झाला होता. आमची बोट मंदावलेली बघून मागच्या बोटी मंदावल्या होत्या. एक तर वळायलाही लागली होती. मी गप्प राहिलो असतो तर माझ्या छातीपायी पुन्हा सगळं बंदर रिकाम्या हातानं परतलं असतं. आणि बोललो तर सगळ्यांना कळणार होतं. रमाकांत, घरचे आणि डॉक्टर सोडले तर माझा खरा आजार कुणाला माहीत नव्हता. बाकीच्यांना आम्ही सांगितलं होतं की पित्त झालंय.

मी वायरलेसचा माइक उचलला.

"धर्मा बोलतोय. सगळ्यांनी ऐका. वादळ न्हाय. आभाळ साफ हाय. मना आजार हाय. उगाच छाती धडधडते, उगाच भीती वाटते. मागं जेवढ्या खेपा फिरलो ते त्याच्यापायी. अलिबागच्या डॉक्टरीणबाईची दवा चालू हाय. कोनी फिरू नका. मी पुढं चाललोय."

वायरलेसवर नुसती खरखर. वळायला लागलेली बोट सरळ झाली. खलाशी खाली बघत होते. मला वाटलं, झालं, तांडेलकी गेली. पण छातीतली धडधड मात्र कमी झाली होती.

मग जोमाचा आवाज आला. नेहमी तो वायरलेसवर असा ओरडतो की माइक लांब धरावा लागतो. आज मला सेटला कान लावावा लागला.

"धर्मा," तो म्हणाला. "ती डॉक्टरीणबाई बसते कुठं?"

कुणासाठी ते मी विचारलं नाही. बंदरातल्या कुणीच विचारलं नाही, आणि कुणी हसलंही नाही.

"अलिबागच्या एसटी स्टँडच्या मागं," मी म्हटलं. "उद्या मी येतो तुझ्यासंगती. आता जाळं टाक."